बीप वाजला, म्हणजे सगळं ठीक?

घरातली एखादी वस्तू बिघडली की तुम्ही आधी काय करता? आमच्याकडे तिला एक चापट मिळते. तेवढ्याने भागलं नाही, तर "आता नवीनच घेऊया." गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांचा हॅम रेडिओचा सेट बिघडला, तेव्हा दोन्ही उपाय चालणार नव्हते. चापट मारून उपयोग नव्हता आणि नवा सेट परवडणारा नव्हता. शिवाय दर रविवारी सकाळी साडेसातला नागपूरला कुणीतरी त्या सेटची वाट पाहत असे.

हॅम म्हणजे पैशासाठी नव्हे, तर हौसेपोटी, सरकारी परवाना घेऊन रेडिओवरून दूरच्या माणसांशी बोलणारे लोक. मोबाइलच्या काळात हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अंदमानातले फोन बंद पडले, तेव्हा दिल्लीच्या हॅम भारती प्रसाद योगायोगाने आपल्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. त्यांच्या रेडिओवरून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. बाबा ही गोष्ट दर पाहुण्याला सांगतात.

नागपूरचे सर म्हणजे बाबांना कॉलेजात असताना मोर्स शिकवणारे गृहस्थ. आता पंचाहत्तरीच्या पुढचे, एकटे राहणारे. फोन केला तर "बरं आहे" म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतात. रेडिओवर मात्र अर्धा अर्धा तास बोलतात.

बिघाड असा होता : सरांचा आवाज स्वच्छ यायचा, पण बाबांनी माइकचं बटन दाबून बोलायला सुरुवात केली की सेट बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. ऐकू येतंय, बोलता येत नाही. एका दुकानात दाखवला, तर न उघडताच "आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत" असं उत्तर मिळालं. खर्चाचा आकडा ऐकून बाबा सेट पिशवीत घालून परत आले. तीन रविवार रिकामे गेले. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, "बाबा, मला शिकवा. आपणच शोधूया."

बाबांचा पहिला नियम : सेट उघडायचा नाही. आधी बाहेरचं तपासायचं. पॉवर सप्लाय तर मुळीच उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

सुरुवात अँटेनापासून. आमच्या गच्चीवर दोन बाजूंना दहा-दहा मीटर तार ताणलेली आहे. सात मेगाहर्ट्झच्या लहरींना तेवढी लागते. पावसात तिचा जोड भिजला असेल, असा माझा अंदाज. बाबांनी अँटेनाची केबल काढून तिथे डमी लोड लावला. हा ५० ओहमचा मोठा रोधक. सेटची सगळी शक्ती तो उष्णतेत जिरवतो, हवेत काही जात नाही आणि चाचणीचा कुणाला त्रासही होत नाही. बटन दाबलं. सेट पुन्हा बंद. म्हणजे अँटेना निर्दोष.

मग बाबांनी शक्ती १०० वॅटवरून १० वॅटवर आणली. सेट चालू राहिला! ट्रान्झिस्टर गेले असते तर तो असा वागला नसता, बाबा म्हणाले. याला वीज कमी पडतेय.

मी मल्टीमीटर घेतला. सप्लायवर १३.८ व्होल्ट, अगदी हवे तेवढे. सप्लाय ते सेट ही तार तपासली, बीप वाजला. फ्यूज तपासला, बीप वाजला. "सगळं ठीक आहे," मी जाहीर केलं.

"ठीक आहे, पण कधी?" बाबांनी विचारलं. "काम नसताना."

माझी चूक तिथेच होती. मल्टीमीटर बीप वाजवण्यासाठी नावापुरता प्रवाह सोडतो. रस्ता अरुंद झाला असला तरी त्याची बारीक धार सहज निघून जाते. आमचा सेट ऐकताना एक-दोन अँपिअर घेतो, पण पूर्ण शक्तीने बोलताना वीसच्या आसपास. जोडात एक दशांश ओहमचा रोध असला, तर ऐकताना काहीच कळत नाही. वीस अँपिअरला मात्र तिथेच दोन व्होल्ट खर्च होतात.

म्हणून आता काम चालू असताना मोजायचं ठरलं. डमी लोड तसाच ठेवून बाबांनी माइकमध्ये लांब शिट्टी वाजवली, म्हणजे शक्ती एकसारखी राहते. सप्लायच्या टोकाला १३.७. सेटच्या टोकाला ११.४, आणि सेट बंद. दोन व्होल्ट वाटेतच हरवत होते. बाबांनी सप्लाय बंद करून तारेवरून बोट फिरवलं आणि फ्यूज होल्डरपाशी थांबले. तो गरम होता. उघडला, तर आतली पट्टी काळवंडलेली आणि तारेच्या टोकाला हिरवट गंज.

आयएनएवरून यलो लाइनने थेट चांदनी चौक, तिथून लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट. जाड तारेचा फ्यूज होल्डर शंभर रुपयांच्या आत मिळाला. फ्यूज मात्र पहिल्या क्षमतेचाच घेतला. तिथे मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

रविवारी साडेसातला बाबांनी बटन दाबलं. सेट बंद पडला नाही. खरखरीतून सरांचा आवाज आला, "फाइव्ह नाइन! कुठे होतास रे इतके दिवस?" फाइव्ह नाइन म्हणजे आवाज उत्तम येतोय.

पंधरा-वीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर सर सहज बोलून गेले, की दहा दिवसांपूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले होते आणि अजून काठीशिवाय चालता येत नाही. त्या दहा दिवसांत बाबांनी त्यांना दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, "बरं आहे."

बाबा माइक ठेवून थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "नागपूरच्या गाडीचं तिकीट बघ."

तुमच्या घरातही काही बिघडलं, तर आधी बाहेरचे जोड बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बीपवर समाधान मानू नका. आणि दूर कुणी एकटं राहत असेल, तर फोन जरा लांबवा. "बरं आहे" हे पहिल्या दोन मिनिटांचं उत्तर असतं.