घराची नवी मांडणी

घर दुरुस्त करणें आणि घराची मांडणी बदलणें या दोन गोष्टी एक नव्हेत. कौलें चाळण्यासाठीं गडी बोलावला, गिलावा उडाला तेथें गवंड्याकडून थापून घेतला, खिडकीची बिजागरी सुताराकडून बदलली, एवढ्यावर शनवार पेठेंतील आमचें घर तीन पिढ्या निभावून गेलें. या कारागिरांनीं आम्हांस कधीं कांहीं विचारलें नाहीं. यंदा मात्र गृहसजावटीचें रीतसर शिक्षण घेतलेल्या एका तरुण बाईंस पाचारण झालें, आणि त्यांनीं पहिल्याच दिवशीं विचारलें, "घरात पहाटे सर्वांत आधी कोण उठतं, आणि उठून कुठं जातं?"

प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. त्याला घरांतील आठ माणसांनीं आठ उत्तरें दिलीं, आणि प्रत्येकानें दुसऱ्याचें उत्तर दुरुस्त केलें. पाहुणे किती येतात, पापड कोठें वाळतात, चिरंजीव कचेरीचें काम रात्रीं कोणत्या मेजावर करतात, हें सारें बाईंनीं लिहून घेतलें. पूर्वी घर बांधतांना हे प्रश्न कोणी विचारीत नसे. माणसांनीं खोल्यांप्रमाणें वागावें असाच संकेत होता. माजघर म्हटलें कीं तेथें काय होणार आणि काय होणार नाहीं, हें ठरलेलेंच असे.

मग मापें झालीं. बाईंच्या हातांतील इवल्याशा यंत्रानें भिंतीवर तांबडा ठिपका टाकला कीं अंतर आपोआप उमटे. त्यावरून असें निष्पन्न झालें कीं आमच्या घरांत काटकोन म्हणून कोठेंहि नाहीं, आणि माजघर व स्वयंपाकघर यांमधील भिंत १८ इंच जाड आहे. स्वयंपाकघराच्या बाजूनें तिला कैक वर्षें लोणा लागत होता. मध्यंतरीं त्यावर सिमेंटचा गिलावा करून वर तैलरंग दिला, तरी फुगवटे येत राहिले. चुन्यांत बांधलेल्या भिंतीस ओल बाहेर टाकण्यास वाट लागते. सिमेंटनें ती वाट बुजते आणि ओल वर चढते, असें बाईंचें म्हणणें. तो गिलावा खरवडून पुन्हां चुन्याचाच करावा, हा त्यांचा सल्ला आम्हीं तत्काळ मानला. ज्यांचीं घरें जुनीं आहेत अशा वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें संगणकावर काढलेलीं चित्रें आलीं. चित्रें सुरेख होतीं, यांत वाद नाहीं. परंतु त्या घरांत लोणच्याची बरणी नव्हती, छत्री नव्हती, औषधांच्या बाटल्या नव्हत्या, आणि मांडणीवरचीं पुस्तकें सारीं एकाच उंचीचीं होतीं. असल्या घरांत कोणी आजारी पडत नसावें. शिवाय त्यांत माजघरामागील ती भिंतहि नव्हती! स्वयंपाकघर मोकळें झालें होतें.

या भिंतीवर एक रेघ आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. आमच्या माजघरांत तें जेथवर चढलें तेथें मातकट रेघ उमटली. दरवर्षीं भिंतीस चुना देतांना ती तेवढी सोडण्याची वडिलांची ताकीद असे, आणि त्यांच्या मागें आम्हींहि ती पाळली. ज्या पेठेंत जुनीं घरें पाडून उंच इमारती उठत आहेत, तेथें अशी रेघ जपणें हें केवळ भावुकपणाचें लक्षण आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. बाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं बांधकामाच्या अभियंत्यास आणलें. वरच्या मजल्याचा भार याच भिंतीवर आहे, ती समूळ काढतां येणार नाहीं, लोखंडी तुळई घालून दाराएवढी मोकळीक मात्र करतां येईल, असा त्यांनीं निर्वाळा दिला.

आतां राहिल्या आत्याबाई. पुराच्या वर्षीं त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. आज त्यांची खाट माजघरांत आहे. त्यांना मागच्या खोलींत न्यावें, तेथें लागूनच न्हाणीघर करावें, हा बेत आम्हीं त्यांच्यासमोर पण त्यांना न विचारतां चालविला होता. बाई मात्र सरळ खाटेपाशीं जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हांला काय हवंय?"

"उंबरठा काढा," आत्याबाई म्हणाल्या. "दोनदा अडखळलेय. आणि दार रुंद करा, उद्या चाकाची खुर्ची लागेल."

उंबरठा! ज्यावर रोज हळदकुंकू वाहिलें जातें, जो ओलांडून घरच्या सुना आंत आल्या, तो काढा असें घरांतील सर्वांत वडील बाईनें म्हणावें, हें आमच्या वहिनींना रुचलें नाहीं. रेघेचें काय, असें आम्हीं विचारलें. "मी पाणीच पाहिलंय," त्या म्हणाल्या, "रेघ तुमच्यासाठी ठेवा. आणि मला मागं नेऊ नका. तिथं दिवसभर कुणी येत नाही."

त्यानंतर नकाशा चौथ्यांदा बदलला. न्हाणीघरच माजघराच्या बाजूस सरकलें, त्यांत आमच्या वाचनाचा कोपरा गेला. दार आतां तीन फुटांचें. उंबरठ्याचें सागवानी लांकूड जमिनीशीं सपाट बसवून घ्यावयाचें, म्हणजे हळदकुंकवासहि जागा राहील आणि पायहि अडणार नाहीं. भिंतींतील मोकळीक रेघेच्या उजवीकडे हातभर सरकवली. ओट्याखालच्या कपाटांस पाण्याला टिकणारें आय. एस. ७१० प्रतीचें प्लायवुड, इतरत्र आय. एस. ३०३, असें ठरून खर्चाचा आंकडा थोडा खालीं आला. आढ्याखालीं खोटें छत करण्याचा बेत रद्द झाल्यानें आणखी थोडा.

काम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचें आहे. तोंवर आठ माणसांनीं आणि अकरा बरण्यांनीं चार महिने कोठें राहावयाचें, हा प्रश्न नकाशांत नाहीं. आत्याबाईंनीं आपल्यापुरतें उत्तर देऊन ठेवलें आहे: काम चालू असतांना त्या वरच्या मजल्यावर खिडकीशीं बसणार, आणि गवंडी चुना किती दिवस भिजवतो तें स्वतः मोजणार.