जाळ्यावर वाकलेला माणूस

नोकरीमुळे मध्य प्रदेशातल्या लालबर्ऱ्यात राहायला आल्यापासून वैनगंगेवरची मासेमारी मी जवळून पाहतो आहे. ढिवर मंडळी संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटेच्या अंधारात ती काढायला डोंगे घेऊन निघतात. प्रत्येकाच्या कपाळावर बॅटरी असते.

अमावास्येच्या आसपासची रात्र होती. मामा (गावात त्यांना सगळे मामाच म्हणतात) बांबूने डोंगा रेटत होते, मी त्यांच्यासोबत बसलो होतो. अचानक हातभर अंतरावर दुसऱ्या डोंग्याची कड आली. त्यातला माणूस जाळ्यातला मासा सोडवत वाकला होता. त्याची बॅटरी पेटलेली होती, पण झोत सगळा तळाशी; आमच्याकडे नुसती पाठ. मामांनी बांबू रोवला म्हणून डोंगे घासण्यावर निभावलं. तेवढ्यानेही आमचा डोंगा कलला आणि पाणी आत आलं.

माझा भाऊ मालवाहू जहाजावर असतो. हा प्रसंग ऐकून त्याने समुद्रावरचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम समजावले. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जहाजाच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा दिवा. वल्ह्याच्या नावेला मात्र सवलत आहे: बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवायचा आणि टक्कर टळेल इतक्या आधी त्याचा पांढरा उजेड दाखवायचा. देशातल्या नद्यांसाठी १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा आला, पण इथल्या डोंगेवाल्यांशी दिव्यांबद्दल कोणी बोललेलं मी पाहिलं नाही.

मला त्या सवलतीचीच काळजी वाटते. जाळ्यात डोकं घातलेल्याला कोण येतंय हेच कळत नाही, मग तो बॅटरी दाखवणार कधी? छोट्या, संथ मोटारबोटीला चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. तोच डोंग्यावर हवा.

मामांना हे पटेना. "मले दिसते नं सारं!"

"तुमाले दिसते मामा, पन तुमी त्याले कुठून दिसान?"

दुसऱ्या रात्री त्यांना काठावर उभं केलं आणि त्यांच्या पुतण्याला डोंग्यात वाकायला लावलं. डोंगा दिसेना. मग बांबूच्या तुकड्यावर, बसलेल्याच्या डोक्याहून उंच, चार्जिंगचा छोटा दिवा बांधला. डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून त्याला खालून पत्र्याची चकती लावली. आता डोंगा कुठूनही ओळखू येत होता. मामा बराच वेळ पाहत राहिले, मग पुतण्याला म्हणाले, "दोन अजून आन."

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. तेवढ्यात घाटावरच्या सगळ्या डोंग्यांना बांबू बसवायचे आहेत. चकत्या कापायला पुतण्या तयार आहे.