काचेवरची चूल

चूल बदलली की घराची शिस्त बदलते, असा आमचा अनुभव आहे. देवास जिल्ह्यातील उदयनगरास आमच्या बिऱ्हाडी आता काचेची विजेची शेगडी आहे. काळी, सपाट, आरशासारखी गुळगुळीत; तीत ना जाळ, ना धूर. गोव्याहून आमच्याकडे राहावयास आलेल्या वृद्ध मावशींनी ती पाहताच विचारले, "उजो खंय आसा?" प्रश्न साधा खरा, परंतु या शेगडीचे सारे गुणदोष त्यात सामावले आहेत.

अग्नी काचेखाली आहे. तेथील तारांची वेटोळी तापून लाल होतात व ती उष्णता काचेतून भांड्यास पोचते. ही काच सामान्य नव्हे. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० अंशांऐवजी ९०० अंशांवर गेली. आतील काच वितळली असणार, अशा समजुतीने ते पाहतात तो ती पांढरी व घट्ट. चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली, तरी फुटली नाही! जर्मनीतील शॉट कंपनीने १९७१ साली याच जातीची काच शेगड्यांसाठी आणली. तापल्याने ती जवळजवळ प्रसरण पावत नाही, म्हणून एकाएकी गार झाली तरी सहसा तडकत नाही. वरवंट्यासारखी जड वस्तू पडल्यास मात्र तडा जातो. मग विजेचा प्रवाह तत्काळ बंद करावा व ती वापरू नये.

भांड्याचे बूड सपाट हवे. मावशींची पितळेची पातेली पोचे पडलेली. त्यांतील एकच काचेवर नीट बसले, आणि नैवेद्याची खीर आम्ही त्यातच करतो. ज्या शेगडीस इंडक्शन म्हणतात, तिच्यावर तेही चालले नसते. तिला लोखंडी बूड लागते. जड तवा उचलून ठेवावा, ओढू नये. वैश्वदेवाची आहुती या काचेवर नव्हे. ती तांब्याच्या लहान कुंडात, गोवरीच्या निखाऱ्यावरच होते.

राख, काथ्या व तारेची घासणी येथे वर्ज्य. काच निवल्यावर मऊ ओल्या फडक्याने पुसावी. जड पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. अपवाद एकच: गुळाचा वा साखरेचा पाक सांडल्यास शेगडी बंद करून, हात जपून, पाक गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढावा. तो थिजला तर काचेचा पापुद्रा उपटून कायमचा खड्डा पाडतो. पुरणाच्या दिवशी म्हणूनच अधिक सावध असावे.

शेगडी बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते. जुन्या चुलीच्या वैलावर दूध ऊन राही, तसे येथेही राहते. पण हीच ऊब घातक होऊ शकते. काच तापलेली आहे हे सांगणारा तांबडा दिवा आहे खरा, परंतु मावशींची दृष्टी अधू. म्हणून जो कोणी शेगडी बंद करील, त्याने "तापली आहे हो!" असे मोठ्याने सांगावे, असा आमच्या घरी नेम आहे. जाळ दिसत होता तेव्हा तोच सर्वांना दूर राहावयास सांगे. आता तो दिसत नाही, तेव्हा ते काम घरातील माणसांनी करावयाचे आहे.