हसण्याचा तराजू

2024 च्या निवडणुकीत लोणंदच्या कांदा बाजारात माईक घेऊन दोन पोरे आली. "चाचा, सरकारने कांद्याला हमीभाव दिला, खूश ना?" मोहल्ल्यातल्या एका हमाल चाचांना त्यांनी विचारले. असा काही निर्णय झालाच नव्हता. पण पाहुण्यांना खोटे कसे पाडायचे? "हां बेटा, अच्छा किया," चाचा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मोबाइलवर फिरू लागले. वर्गात मुले त्यांची नक्कल करू लागली.

आम्ही मुलांना रागावलो खरे, पण जीभ अडखळली. साशा बॅरन कोहेनच्या 'हू इज अमेरिका?' या 2018 च्या मालिकेत रॉय मूर फसले, तेव्हा आम्हीही पोट धरून हसलो होतो. ते पडले आमच्या नावडत्या पक्षाचे! त्याच मालिकेत बर्नी सँडर्स दिसले, तेव्हा मात्र 'यांना कशाला छळता?' असे वाटले.

मूर यांनी खटला भरला. त्यांनी संमतिपत्रावर सही केली होती. 2021 मध्ये खटला फेटाळला गेला. मूर माजी मुख्य न्यायमूर्ती; कागद वाचणे त्यांना जमत होते. चाचांना कुणी कागद दाखवलाच नाही. सत्तेला चिमटा काढणे वेगळे, गरिबाच्या अदबीला मूर्खपणा ठरवणे वेगळे. आणि माणूस कोणत्या पक्षाचा हे पाहून हसू येत असेल, तर तो इन्साफ नव्हे.

मुलांच्या वतीने माफी मागायला आम्ही चाचांकडे गेलो. त्यांनी चहा पुढे केला आणि हळूच विचारले, "मास्टर, तुम भी हसे क्या?"

आम्ही मान खाली घातली.