हवेलीतलं पाणी

जबलपूरहून पाटण-शहपुऱ्याकडे निघालं की जो काळा, सपाट मुलूख लागतो त्याला ‘हवेली’ म्हणतात. इथली जुनी शेती पाहून नागपूरकडचे आमचे पाहुणे चक्रावून जात. भर पावसाळ्यात पेरणीच नाही! शेताला चारी बाजूंनी मातीचे उंच बांध, आणि आत आषाढापासून भाद्रपदापर्यंत तुडुंब पाणी. त्या पाण्याखाली तण कुजायचं, चिकण जमीन खोलवर भिजायची. आश्विनात बांध फोडायचे आणि वाफसा आला की गहू, नाहीतर गहू-हरभऱ्याचा ‘बिर्रा’ पेरायचा. पुढे ओलित न देताही पीक घरात येई.

बांध फोडणं एकट्याच्या मर्जीचं नव्हतं. वरच्याचं पाणी खालच्याच्या शेतातून जाणार, म्हणून कोणी कधी सोडायचं ते मिळून ठरायचं. भांडणं तिथेच पेटत आणि तिथेच मिटत.

शेतात पाणी उभं असतानाच राखीच्या दुसऱ्या दिवशी कजलिया येत. द्रोणात उगवलेले गव्हाचे कोवळे कोंब तळ्यावर धुऊन, आपण दसऱ्याला सोनं देतो तसे, एकमेकांना द्यायचे. धाकट्यांनी पाया पडायचं, थोरांनी त्यांच्या कानावर कोंब खोवायचे. वर्षभरात जिथे माणूस गेलं असेल, त्या घरी आवर्जून जायचं. मला हा सण फार प्रिय आहे.

मग सोयाबीन आलं. १९६४ साली जबलपुरात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचा त्यात मोठा वाटा. सोयाबीनला साचलेलं पाणी सोसत नाही. शेतांतलं पाणी गेलं, बांधही मोडत गेले. पुढे बरगी धरणाचे कालवे, बोअरवेल, धान, वाटाणा, उन्हाळी मूग. हिवाळ्यात इथला वाटाणा ट्रक भरभरून बाहेर जातो. पैसा आला, पक्की घरं झाली, मुली शहरात शिकू लागल्या. हे सगळं हवंच होतं. पण ज्या जमिनीत तीन महिने पाऊस मुरायचा, तिच्याच पोटातून आता पंपानं पाणी उपसतो आहोत, याची मला काळजी वाटते. हार्वेस्टर फिरून गेल्यावर शेतं पेटवतात. तो धूर पाहवत नाही.

कजलिया अजून होतात. हवेलीची दोन-चार शेतं तरी विद्यापीठानं बांधासकट राखावीत, असं मनापासून वाटतं, आणि तेही लवकर. कुठल्या शेताचं पाणी आधी सोडायचं हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.