जुम्म्याच्या सुटीतले फोटो

ईद होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. मालेगावहून आपाचा फोन आला. आवाज दबका होता. म्हणाली, “तू ये आणि याला समजाव. याचा मोबाइल मी काढून घेतलाय.”

‘हा’ म्हणजे माझा भाचा. वय सोळा. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. एसटी स्टँडवर फोटो काढत होता, तेव्हा एका माणसानं हटकलं. आधी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर मोबाइल मागितला. गॅलरी उघडून एकेक फोटो बघितला आणि बरेचसे तिथंच डिलीट करायला लावले. मारलं नाही, शिवीही दिली नाही. पोरगा गुपचूप घरी आला आणि न जेवता झोपला. दोन दिवसांनी मित्राकडून आपाला कळलं.

आपाची भीती मला कळते. ८ सप्टेंबर २००६ हा दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. शब-ए-बरात होती, शुक्रवार होता, मोठ्या कब्रस्तानात माणसं फातेहा पढायला गेली होती. बॉम्ब फुटले. मेले ते आमचेच लोक, आणि पकडले गेले तेही आमच्याच समाजातले तरुण. २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं, पण तुरुंगात गेलेली वर्षं कोण परत देणार? तेव्हापासून इथल्या आया मुलांना सांगत आल्यात, गर्दीत थांबू नको, अनोळखी माणसाशी बोलू नको. आता त्यात भर पडली, फोटो काढू नको.

शुक्रवारी मालेगावला पोचलो. बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल, पण इथं यंत्रमागांची सुटी रविवारी नाही, जुम्म्याला असते. एरवी हे शहर सांच्यांच्या खटखटीत झोपतं आणि त्याच खटखटीत उठतं. जुम्म्याला ती थांबते आणि कान रिकामे वाटतात. भाच्याचा फोटो काढायचा दिवसही हाच. शाळेतले चार मित्र, दोघांकडं मोबाइल, त्यातल्या एकाची काच तडकलेली. डिलीट झालेले फोटो मित्राच्या मोबाइलवर शिल्लक होते. जेवण झाल्यावर ते घेऊन तो माझ्यासमोर बसला. “मामू, ये देखो.”

मी समजवायला आलो होतो. बघत बसलो.

सांच्यावरचा कामगार, पापण्यांवर रुईचे तंतू. लाइट गेल्यावर कारखान्याच्या पायरीवर ओळीनं बसलेली माणसं, कुणाच्याच हाताला काम नाही. चहाच्या हॉटेलात एक जण उर्दू पेपर मोठ्यानं वाचतोय, चौघं ऐकतायत. सकाळी मोसम पुलावरून शाळेला निघालेली पोरं, या काठाची त्या काठाला, त्या काठाची या काठाला. गणवेश वेगळे, दप्तरांचं ओझं सारखंच. स्टँडवरचा फोटोही बघितला. एक म्हातारी गाठोड्यावर डोकं टेकून झोपलीय, बस्स. यात कुणाला काय धोका दिसला?

मी पुण्यात बातमीदारी केली आहे. माझ्या जुन्या हार्डडिस्कमध्ये मालेगावचे शेकडो फोटो आहेत. बॉम्बस्फोटाचे, बंदोबस्ताचे, मोर्चाचे, २०२० च्या कोरोनात पत्रे ठोकून बंद केलेल्या गल्ल्यांचे. रोजच्या दिवसाचा एकही नाही. बाहेरचे कॅमेरे आमचं शहर जळालं की येतात, अशी तक्रार मी लेखांतून कितीदा केली. पण मीसुद्धा त्याच दिवशी कॅमेरा घेऊन आलो होतो. अब्बांनी तीस-पस्तीस वर्षं सांचा चालवला. त्यांचा सांच्यावरचा एकही फोटो आमच्याकडं नाही. आहे तो पासपोर्टसाठी काढलेला, टोपी नीट बसवून, डोळे ताणून. माझी मुलं आपल्या दादांना त्या चेहऱ्यानंच ओळखतात.

मालेगावच्या पोरांना कॅमेऱ्याचं वेड नवं नाही. इथं लोकांनी सायकलीवर, बैलगाडीवर कॅमेरा बांधून सिनेमे काढले. ‘मालेगाव के शोले’ची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते शोले होतं, कुणाच्या तरी सिनेमाची नक्कल. ही पोरं नक्कल करत नाहीत. जे दिसतं ते काढतात.

विरोध घरातूनही झाला. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी तस्वीर जायज नाही म्हणून सुनावलं. पुढच्या जुम्म्याला तेच नातवाला मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, जरा नीट काढ रे. पोरांनी स्टुडिओतून प्रिंट काढून दिली. कामगारांनाही देतात. एकानं तो फोटो उत्तर प्रदेशात आईला पाठवला. आपला मुलगा काय काम करतो ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

मी विचारलं, “यात बायका कुठायत?” चौघं एकमेकांकडं बघत राहिले. तेवढ्यात आतून चौदा वर्षांची भाची आली आणि आपाचा मोबाइल माझ्या हातात देऊन गेली. त्यात दुपारची घरं होती. कांड्या भरणाऱ्या शेजारणी, त्यांची सुताने कापलेली बोटं, छतावरच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे, पाण्यासाठी रांगेत लावलेले हंडे. ज्या कापडावर शहर जगतं त्याचं निम्मं काम चार भिंतींच्या आत होतं, आणि तिथं तिच्याशिवाय कुणी पोचलं नव्हतं. तिचे फोटो ग्रुपमध्ये का नाहीत, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, “ती अशीच काढते.” होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईत शिकत असताना त्यांनी मैत्रिणींचे, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले. सुरुवातीला ते छापून आले ते माणेकशांच्या नावावर, जे पुढं त्यांचे पती झाले. मी भाच्याला सांगितलं, यापुढं तिचे फोटो ग्रुपमध्ये जातील, आणि तिच्याच नावानं.

रात्री आपाशी बोललो. ती म्हणाली, “तुला समजवायला बोलावलं होतं.” मी म्हणालो, “समजवलंय.” मग आम्ही नियम ठरवले. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नाही. एकट्यानं जायचं नाही. स्टँडवर तर नाहीच. खिशात शाळेचं ओळखपत्र ठेवायचं. हा शेवटचा नियम सांगताना माझी जीभ जड झाली. पुण्यात माझ्या सोसायटीतली याच वयाची पोरं मंडईत, नदीकाठी फोटो काढत फिरतात. त्यांना त्यासाठी ओळखपत्र लागत नाही. भाच्यानं कारण विचारलं नाही. मान हलवली. त्यानं विचारायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

आपानं मोबाइल लगेच दिला नाही. पुढच्या जुम्म्याला दुपारी माझ्या व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. आपा बाजेवर बसून तांदूळ निवडतेय. एक हात कॅमेऱ्याकडं, ‘बस कर’ असा, आणि तोंडावर हसू. खाली लिहिलं होतं, ‘पूछ के लिया.’