संगतीचें वय

मूल घरांत सुखरूप आहे, एवढ्यावर बहुतेक आईबापांचें समाधान होतें. परंतु बाराव्या-तेराव्या वर्षापासून पुढें चारपांच वर्षें मुलास अन्नाइतकीच सोबत्यांची गरज असते, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

२०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या. शहरांतील आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले. आमच्या तुर्भ्याचा घाऊक बाजारहि २०२० च्या मे महिन्यांत बंद ठेवावा लागला, पण तो आठवड्यानें पुन्हां सुरू झाला. मुलें मात्र दीड वर्ष चार भिंतींत राहिलीं. तेव्हां तेरा-चौदा वर्षांचीं असलेलीं मुलें पुढें कॉलेजांत आमच्यासमोर आलीं. बुद्धीनें तीं उणीं नव्हतीं. पण तोंडी परीक्षेंत त्यांच्या घशास कोरड पडे, अनोळखी मुलाशेजारीं तीं अंग चोरून बसत, आणि थट्टा कोणती व अपमान कोणता, हें त्यांस चटकन् उमगत नसे. भिडस्त मुलें पूर्वींहि होतीं. सारें खापर त्या दीड वर्षावर फोडणें रास्त नव्हे. तथापि एकांताचा परिणाम वयावर अवलंबून असतो, याविषयीं शास्त्रांत जुना पुरावा आहे.

१९७७ सालीं ऐनन व मॉर्गन या संशोधकांनीं उंदरांचीं पिल्लें निरनिराळ्या वयांत एकटीं ठेवून पाहिलीं. पंचविसाव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसांच्या दरम्यान, म्हणजे त्यांच्या कुमारवयांत, जीं एकटीं राहिलीं, त्यांच्या वागण्यांतील वैगुण्य पुढें संगत मिळूनहि गेलें नाहीं. त्याआधीं वा नंतर एकटीं ठेवलेलीं सावरलीं. पुढच्याच वर्षीं असें दिसून आलें कीं, एकट्या पिल्लास रोज एक तास सोबत्याशीं झोंबाझोंबी करूं दिल्यास ही हानि बहुतांशीं टळते. मात्र औषध देऊन खेळेनासा केलेला सोबती नुसता जवळ असून भागत नाहीं.

मनुष्याचें मूल म्हणजे उंदीर नव्हे, हें खरें. तरीहि या एका तासाचा विचार सुशिक्षित घरांनीं अवश्य करावा. तो बंदिवास रोगानें लादला होता. दहावीच्या वर्षाचा बंदिवास आपण स्वतः लादतों. तुर्भे स्टोअरच्या अरुंद गल्ल्यांत मुलें जागा नसतांनाहि खेळ मांडतात. आमच्या इमारतीस बाग आहे, पण दहावीचें मूल तेथें क्वचितच दिसतें. आणि मुलींचा बंदिवास तर परीक्षेनंतरहि पुष्कळदां संपत नाहीं. मोबाईलवर मित्र बोलतात, तेवढा विरंगुळा होतो. पण खेळांत हरणें, रुसणें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच गड्यांत जाणें, हें तेथें घडत नाहीं. परक्या माणसांची धास्ती याच सरावानें ओसरते.

यास्तव अभ्यासाच्या वेळापत्रकांत संध्याकाळचा एक तास सोबत्यांचा म्हणून लिहावा, आणि चाचणींत चार गुण कमी पडले तरी तो खोडूं नये.